शॉवर, सिलिकॉन आणि आठवी पायरी

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.

धाकटा वर आला होता. म्हणाला, दादा, आईच्या खोलीत गळतंय, तुझ्या शॉवरच्या बरोबर खाली, पलंगाच्या पायथ्याशी. मी म्हणालो, हवा दमट आहे. तो म्हणाला, हवा टपटप पडत नाही. धाकट्याचे सगळे आयुष्य पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेले, तरी अधूनमधून त्याला वाक्य जमून जाते.

(पुढे कधी चाळताना संदर्भ लागावा म्हणून: घर दोन मजली. वर मी आणि ही. खाली धाकटा, त्याची बायको आणि आई. आई ब्याऐंशी वर्षांची. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, खोली कोरडी ठेवा, पुन्हा झाला तर झेपणार नाही. तेव्हा कोरडेपणा हा विषय ऐच्छिक नाही.)

धाकटा मिस्त्री बोलावतो म्हणाला. मी नको म्हटले. सत्तावीस वर्षे मी छापखान्याची प्रुफे तपासतो आहे. दुसऱ्याच्या कामातल्या फटी शोधणे हाच माझा धंदा. शॉवरमध्ये असते काय, टाइल्सच्या ओळी आणि मधल्या रेघा. मजकूर सोपा आहे.

संकल्प: रविवारपर्यंत काम पूर्ण.

५ नोव्हेंबर, बुधवार.

भिंग घेऊन तपासणी. टाइल्सच्या मधल्या रेघांत भरलेले ग्राउट सतरा ठिकाणी तडकलेले. कोपऱ्यांतली सिलिकॉनची पट्टी काळी पडून सुटलेली. प्रत्येक दोषापुढे लाल पेन्सिलीने प्रुफातल्या खुणा केल्या: इथे भरा, इथे गाळा, इथे जोडा. इतकी नीट तपासलेली भिंत या घरात दुसरी नसेल.

मग अंघोळ केली. खुणा धुऊन गेल्या. लाल पेन्सिल पाण्यात टिकत नाही, हे ज्ञान नवीन.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ग्राउटची पिशवी, सिलिकॉनच्या दोन ट्यूब, ती दाबायची गन, पत्र्याची खरवडणी. दुकानदाराने विचारले, भिंत किती दिवस सुकवलीत? मी म्हणालो, आजपासून सुकवणार. तो म्हणाला, आठवडाभर शॉवर बंद ठेवा, जुनं सगळं उपटा, मगच नवीन भरा, ओल्यावर सिलिकॉन धरत नाही साहेब. माणूस बडबड्या आहे.

हीसुद्धा तेच म्हणाली. आठवडाभर दोघे खाली अंघोळीला जाऊ, त्यात काय एवढे. मी तिला समजावले की खांद्यावर टॉवेल टाकून धाकट्याच्या दारात उभे राहणे हे थोरल्याला शोभत नाही. त्याचा अर्थ दोष माझ्या बाथरूमचा आहे असा होतो. ही म्हणाली, मग कुणाच्या बाथरूमचा आहे?

ती आजपासून खाली जाणार. मी वापर मर्यादित ठेवणार.

८ नोव्हेंबर, शनिवार.

खरवडायला सुरुवात. दोन तासांत अडीच रेघा. खरवडणीने टाइलचे टवके उडतात, हे पिशवीवर कुठे लिहिलेले नाही. उरलेले जुने ग्राउट मला तसे बरे वाटले. जे घट्ट आहे ते कशाला छेडावे? प्रुफातही चांगले वाक्य आपण सोडून देतो.

धाकट्याने आईला पुढच्या खोलीत झोप म्हणून सांगून पाहिले. ती नाही म्हणाली. ही सांगत होती, आई म्हणाल्या, इथून वरची पावलं ऐकू येतात, दादा उठला की कळतं. मला यात तक्रार ऐकू आली. मऊ तळव्यांच्या चपला आणायच्या.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.

ग्राउट भरले. कालवताना पाणी थोडे जास्त झाले, म्हणून पूड वाढवली. पूड जास्त झाली, म्हणून पाणी. शेवटी बादलीभर झाले. ते वाया जाऊ नये म्हणून कोपऱ्यांतही तेच भरले. कोपऱ्यात सिलिकॉनच लागते असे दुकानदार म्हणाला होता. भिंती हलतात म्हणे. आमच्या भिंती गेली तीस वर्षे कुठेही गेलेल्या नाहीत.

शॉवरच्या उंबरठ्याखाली एक बारीक फट होती. अंघोळीनंतर बराच वेळ तिच्यातून पाण्याचा ओघळ बाहेर येऊन बाथरूमच्या जाळीकडे जायचा. मुख्य गुन्हेगार हाच, हे माझे अनुमान. तिच्यात अख्खी एक ट्यूब रिकामी केली.

काम पूर्ण. ठरल्या दिवशी. हे मी धाकट्याला सांगितले. तो म्हणाला, बरं.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.

अंघोळ (मर्यादित, बारा मिनिटे). उंबरठ्याखालून एक थेंब बाहेर आला नाही. पाणी तर तितकेच सांडले, मग गेले कुठे, असा प्रश्न एखाद्या संशयी माणसाला पडला असता. मला आनंद झाला.

लगेच खाली जाऊन चौकशी केली. खाली म्हणजे आठव्या पायरीपर्यंत. आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या. आठवीवर तो वळतो. तिथून आईची खोली दिसत नाही, पण आवाज पोहोचतो, म्हणजे खाली गेल्यासारखेच. पूर्ण खाली गेलो की आई बस म्हणते. बसले की तास जातो आणि प्रुफे राहतात.

विचारले, आई, गळतंय का? थोड्या वेळाने उत्तर आले, नाही रे, थांबलं. मग विचारले, नाश्ता केलास का? केला म्हटले आणि वर आलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

धाकटा म्हणतो, गळती वाढली आहे. आई म्हणते, थांबली आहे. अशा वेळी शास्त्र कामाला येते. ज्ञान मिळवायच्या वाटा, म्हणजे प्रमाणे, तीन: प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहणे; अनुमान, म्हणजे खुणेवरून ताडणे; आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेले. डोळे फसतात. अनुमानाला घाई होते. पण जिने आयुष्यात कधी खोटे सांगितले नाही, जी त्या छताखाली चोवीस तास असते आणि जिला मला खूश करून काही मिळवायचे नाही, तिचा शब्द असताना मी जिना कशासाठी उतरावा?

हे हिला समजावून सांगितले.  ही म्हणाली, एकदा आठ पायऱ्या आणखी उतरा की हो. मी विचारले, तुला काही ठाऊक आहे का? ती म्हणाली, आईंनी बोलू नकोस म्हणून सांगितलंय. आणि ताटे घ्यायला गेली.

सासू-सुनेचे काहीतरी दिसते. मी त्यात पडत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

रेघांतले ग्राउट पांढऱ्या पिठासारखे बोटाला लागते. हे त्याचे परिपक्व होणे असावे.

आठवी पायरी. थांबलं, म्हणाली. आवाज जरा घोगरा. सकाळी सगळ्यांचाच असतो. म्हणाली, तुझाही आवाज बसलाय, गरम पाणी पी.

मऊ चपला आणल्या. आता वर चालताना काही ऐकू येत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

धाकट्याने जिन्यात गाठले. आठव्याच पायरीवर. कामावर निघाला होता, डबा हातात. म्हणाला, आईला विचारू नकोस, मला विचार. मी म्हणालो, तू पक्षकार आहेस, ती साक्षीदार आहे. तो म्हणाला, दादा, हे कोर्ट नाही, तिची खोली आहे, भिंतीला बुरशी धरलीय, पलंग मी दोनदा सरकवला, चल, दाखवतो. मी म्हणालो, दुपारी येतो, आता प्रूफ जायचे आहे. तो म्हणाला, मिस्त्रीला घेऊन आलो असतो तर आईनेच हात धरला, म्हणते, त्याने हाती घेतलंय, त्याचं त्याला करू दे, त्याला लागेल. आणि तुला लागूच नये म्हणून आम्ही सगळे छत्री धरून बसलोय.

छत्री हा त्याचा अलंकार असावा. मी हसलो. तो हसला नाही.

दुपारी जायचे राहिले. प्रुफात एकच शब्द तीन पानांवर तीन तऱ्हेने छापला होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

संकल्प: खाली जाऊन प्रत्यक्ष पाहणे. शुक्रवारी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

पाऊल मुरगळल्यासारखे वाटते. नव्या चपला घसरतात.

आठव्या पायरीपर्यंत मात्र गेलो. आज मुद्दाम उत्तरानंतर थांबून कानोसा घेतला, चांगली पाच मिनिटे. टपटप नाही. थेंबाचा आवाजच नाही. आता धाकट्याने काहीही म्हणावे; शब्दाच्या जोडीला अनुमानही आले. दोन प्रमाणे माझ्या बाजूला.

खोकल्याचा आवाज आला. उशीत तोंड घालून खोकल्यासारखा. विचारले, खोकला आहे का? म्हणाली, घसा साफ केला रे.

२३ नोव्हेंबर, रविवार.

धाकट्याने मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत काय करायचे ते कर. एक तारखेला मिस्त्री येणार आणि शॉवर फोडणार, आई काही म्हणो. तोवर निदान अंघोळ तरी बंद कर. म्हणाला, वहिनी खाली येते, म्हणजे वरून पडतं ते सगळं तुझ्या एकट्याचं आहे.

हे गणित मी तपासले. वरवर बरोबर दिसते. पण ते गळती आहे असे गृहीत धरून केले आहे, आणि मुद्दा तोच तर सिद्ध करायचा आहे. धाकट्याला तर्कशास्त्र कुणी शिकवलेच नाही. त्याच्या शिक्षणाच्या वेळी घरात एकालाच पुढे शिकवता येणार होते, आणि आई म्हणाली होती, थोरला हुशार आहे. हे उगाच आठवले.

अंघोळ सात मिनिटांवर आणली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

खबरदारी म्हणून दुसरा थर. उरलेली सिलिकॉनची ट्यूब सगळ्या कोपऱ्यांत जुन्या पट्टीवरूनच फिरवली. पट्टी टेप लावून सरळ करायची असते. टेप आणायला विसरलो, म्हणून बोटाने केली. बोट, दाराची कडी, चष्म्याची काडी आणि माझी डावी भुवई आता जलरोधक आहे. भिंतीबद्दल उद्या कळेल.

ही दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, तुम्हाला एवढा त्रास घ्यायचाच आहे, तर खाली जाऊन आईंच्या छातीला तेल लावून द्या ना. मी म्हणालो, मूळ कारण इथे आहे, मी कारणावर काम करतो आहे. ती म्हणाली, हो, ते दिसतंय.

आमच्यात आता मतभेद राहिलेले नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

आठवी पायरी. आई, गळतंय का?

उत्तराला वेळ लागला. नाही रे, म्हणाली. मग श्वास घेतला. मग म्हणाली, थांबलं.

एवढ्या लहान वाक्यात मध्ये विरामाची गरज नाही.

म्हटले, उद्या येऊन बसतो. ती म्हणाली, ये, सावकाश ये, पायाला जप.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

उतरायला निघालो होतो. छापखान्याचा फोन आला.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.

आईला हॉस्पिटलमध्ये नेले. ताप तीन दिवसांपासून होता असे कळले. मला कुणी सांगितले नव्हते. म्हणजे सांगितले असेल, या पद्धतीने सांगितले नव्हते. धाकटा आणि त्याची बायको तिला खुर्चीतून गाडीपर्यंत घेऊन गेले. मी वरून खिडकीतून पाहिले, कारण मी खाली पोचेपर्यंत गाडी निघाली असती. मी तोंडाला साबण लावून शॉवरखाली उभा होतो.

१ डिसेंबर, सोमवार.

तिचा चष्मा आणि शाल घरीच राहिली. धाकटा हॉस्पिटलमध्ये, त्याची बायको डबा करत होती. मला म्हणाली, भाऊजी, तुम्हीच घेऊन या तेवढं.

आठवी पायरी. नववी. सोळावी.

पलंग लांबच्या भिंतीला सरकवलेला. डोक्याकडच्या बाजूला एक मोठी काळी छत्री उघडून पलंगाच्या दांड्याला सुतळीने घट्ट बांधलेली. छतावर ताटाएवढा डाग, कडेला पोपडे, कोपऱ्यात हिरवट काळी बुरशी खांद्यापर्यंत उतरलेली. वास ओल्या पोत्यासारखा.

पलंग पूर्वी असायचा तिथे जमिनीवर तीन भांडी. प्रत्येकात तळाशी जुने सुती लुगडे फाडून घडी घालून ठेवलेले. मी उभा असतानाच वरून थेंब पडला. आवाज झाला नाही.

मी धाकट्याच्या बायकोला विचारले, ही फडकी कशाला? ती पोळपाटावरून हात न उचलता म्हणाली, तुम्ही जिन्यात येऊन विचारायचात ना, तेव्हा थेंब वाजायचे. मग आईंनी घातली. रोज सकाळी स्वतः पिळायच्या. मी करते म्हटलं तरी नको म्हणायच्या. म्हणायच्या, तो यायच्या आधी व्हायला हवं.

चष्मा उशीखाली सापडला. शाल ओलसर होती.

३ डिसेंबर, बुधवार.

मिस्त्री आला. वयस्क माणूस, कमी बोलतो. टाइलवर हातोडीची मूठ आपटत गेला. पोकळ आवाज येत गेला. माझी उंबरठ्याची पट्टी त्याने एका ओढीत काढली. मागून तांब्याभर पाणी आले.

म्हणाला, ही कुणी भरली? मी म्हणालो, मी. म्हणाला, भिंतीतलं पाणी इथून बाहेर पडत होतं. तुम्ही बाहेरची वाट बुजवली, मग ते खाली गेलं. मी विचारले, म्हणजे आधी खाली जात नव्हते? तो म्हणाला, जात होतं, थोडं. भरल्यानंतर सगळं.

मी तारीख पाहिली. नऊ नोव्हेंबरला भरली. दहाला ती थांबलं म्हणाली.

मिस्त्रीने विचारले, खालच्या माणसाने तक्रार नाही केली का?

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी, हॉस्पिटल.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत उतरला आहे असे डॉक्टर म्हणाले. वयाचा उल्लेख केला आणि वाक्य पूर्ण केले नाही.

वाटेत मी एक वाक्य तयार केले होते. तीनदा दुरुस्त केले होते. तिने डोळे उघडले आणि मास्क थोडा उचलून म्हणाली, इथे पावलं ऐकू येत नाहीत रे कुणाची. मग म्हणाली, बस जरा.

बसलो. साडेचार तास. वाक्य तसेच राहिले. प्रूफ घ्यायला माणूस घरी येऊन परत गेला, असे हिने सांगितले.

९ डिसेंबर, मंगळवार.

आई गेली. सकाळी सव्वादहाला.

१४ डिसेंबर, रविवार.

 मी धाकट्याला म्हणालो, ती थांबलं म्हणायची. तो म्हणाला, हो. मी म्हणालो, रोज म्हणायची. तो म्हणाला, दादा, ती तुझ्याबद्दल सगळ्यांना हेच सांगायची. तू दहावीला गणितात राहिलास तेव्हाही शेजारच्यांना म्हणाली होती, चांगले मार्क पडले.

ते मला माहीत नव्हते. मला वाटायचे, मार्कांचे कुणी विचारलेच नाही.

तो आता त्यांच्याकडेच अंघोळीला ये म्हणतो. जातो. खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा राहतो. कुणी वळून बघत नाही.

२१ डिसेंबर, रविवार.

मिस्त्रीचे काम संपले. सगळे उपटून, सुकवून, नव्याने. शेवटची परीक्षा: आतल्या जाळीला बोळा लावून शॉवरमध्ये चार बोटे पाणी साठवायचे, एक दिवस ठेवायचे, आणि खालचे छत पाहायचे. मिस्त्री म्हणाला, खाली कुणीतरी बसा. मी बसतो म्हटले.

काल सकाळी अकरापासून आज अकरापर्यंत. मध्ये दोन-तीनदा धाकट्याने येऊन चहा ठेवला. भांडी अजून तिथेच आहेत. फडकी सुकून कडक झाली आहेत. छत्री सोडली, सुतळीची गाठ सुटेना, कापावी लागली. छताकडे पाहत तिच्या पलंगावर बसलो. एकही थेंब नाही. प्रत्यक्ष प्रमाण. सांगायला कुणी नाही.

वर ही चालत होती. इथून खरोखर सगळे ऐकू येते. ओट्यापासून टेबलापर्यंत सात पावले. टेबलापासून बाथरूमपर्यंत अकरा. मग जिना. एक, दोन, तीन. लाकूड प्रत्येक पायरीला वेगळे वाजते, डोळे मिटून सांगता येईल कोण कुठे आहे. सात. आठ.

थांबली. वळणावरून म्हणाली, गळत नाही ना हो? मग या वर, ताट वाढलंय.

म्हणालो, नाही, येतो.

नववीची वाट पाहिली. पावले परत वर गेली.